रस्त्याच्या दोन्ही बाजूंना

नऊ जुलैला सकाळी साराएव्होतला मार्शल टिटो रस्ता रहदारीला बंद होतो. राष्ट्राध्यक्ष मंडळाच्या इमारतीसमोर दुतर्फा माणसे जमतात. कामावर निघालेले लोक, लेकरांचा हात धरलेल्या बायका, छातीवर विणलेले पांढरे-हिरवे फूल लावलेले म्हातारे. त्या फुलाला अकरा पाकळ्या असतात, अकरा जुलैच्या. व्हिसोको गावाहून निघालेला मोठा ट्रक समोर येतो आणि जवळजवळ थांबतो. त्याच्या आच्छादनात लोक फुले खोचतात. कुणी नुसता हात टेकवून उभे राहते, कुणी ओठांतल्या ओठांत फातिहा म्हणते. आत शवपेट्या असतात, वर्षभरात ओळख पटलेल्या माणसांच्या. २०१० साली त्या ७७५ होत्या, २०२४ मध्ये १४. पेट्या हलक्या असतात, कारण आत फक्त हाडे असतात, आणि तीही बहुतेकदा सगळी नसतात.

त्या ट्रकच्या मागोमाग मी स्रेब्रेनित्साच्या रस्त्याला लागलो.

युगोस्लाव्हिया फुटल्यावर पेटलेल्या युद्धात, जुलै १९९५ मध्ये, पूर्व बोस्नियातल्या या खाणगावाच्या परिसरात काही दिवसांत आठ हजारांहून अधिक बोस्नियाक मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले गेले. मारणारे बोस्नियन सर्ब सैन्य होते आणि त्याचा सेनापती होता रात्को म्लाडिच. मेलेले आणि मारणारे एकच भाषा बोलत होते, एकाच युगोस्लाव्हियाच्या शाळांत शिकले होते, कित्येक एकाच कारखान्यात कामाला होते. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपने जे पुन्हा घडू देणार नाही असे सांगितले होते, ते संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या झेंड्याखाली घडले. हेग इथल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००१ साली जनरल राडिस्लाव क्रस्टिचच्या खटल्यात या हत्यांना वंशसंहार ठरवले. २००४ मध्ये अपिलात त्याची शिक्षा कमी झाली, गुन्ह्याचे स्वरूप मात्र कायम राहिले.

साराएव्हो सोडले की रस्ता रोमानिया नावाच्या डोंगरी पठारावर चढतो. दोन्ही अंगांना सूचीपर्णी झाडांचे दाट रान, मधूनच उतारावर गवताच्या गंज्या. पाट्या सिरिलिक लिपीत दिसू लागतात; आपण रिपब्लिका स्र्प्स्कात, म्हणजे देशाच्या सर्बबहुल अर्ध्या भागात आलेलो असतो. हान पियेसाकच्या रानात म्लाडिचचे मुख्यालय होते. पुढे व्लासेनित्सा, बॉक्साइटच्या खाणींचे मिलिची, आणि मग रस्ता यादर नदीच्या खोऱ्यात उतरतो. नकाशा मांडीवर असला की इथून पुढे प्रत्येक गावाचे नाव खटल्याच्या कागदांतून ओळखीचे वाटते.

नोव्हा कसाबाचे फुटबॉलचे मैदान रस्त्याला लागूनच आहे. १३ जुलै १९९५ रोजी इथे शेकडो कैदी डोक्यामागे हात घेऊन बसवलेले होते. अमेरिकी टेहळणीत त्यांची छायाचित्रे वरून टिपली गेली. १० ऑगस्टला संयुक्त राष्ट्रांतल्या अमेरिकी राजदूत मॅडलिन ऑल्ब्राइट यांनी ती सुरक्षा परिषदेला दाखवली: एका चित्रात मैदानावर माणसे, नंतरच्या चित्रात जवळच्या शेतात ताजी उकरलेली माती. तोपर्यंत महिना उलटला होता.

कोन्येविच पोलयेच्या तिठ्यावर वळून थोडे पुढे गेले की क्राव्हित्सा. रस्त्याकडेला कृषी सहकारी संस्थेचे लांबट गोदाम आहे. तेरा जुलैला या गोदामात कोंडलेल्या हजाराहून अधिक माणसांवर बंदुका आणि हातबाँब चालवले गेले. गोदामावर काय घडले ते सांगणारा एकही फलक नाही. याच गावात मात्र दुरून दिसणारा मोठा क्रूस उभा आहे, या भागात मारल्या गेलेल्या सर्बांच्या स्मरणासाठी. ७ जानेवारी १९९३ ला, म्हणजे ऑर्थोडॉक्स नाताळच्या दिवशी, वेढ्यात अडकलेल्या स्रेब्रेनित्सातल्या बोस्नियाक तुकड्यांनी क्राव्हित्सावर हल्ला केला होता. सैनिकांबरोबर गावकरीही मेले, घरे जाळली गेली. ते दुःख खरे आहे, आणि त्या क्रूसापाशीही थांबून नमस्कार करावा असेच ते आहे. पण एकाच गावात एका समाजाच्या मृतांसाठी इतके उंच स्मारक असावे आणि हजार माणसांच्या गोदामाला साधी पाटी नसावी, हे बघून पुढचे वळण येईपर्यंत गाडीत कुणीच बोलत नाही.

मग ब्रातुनात्स. रास्पबेरीच्या मळ्यांसाठी प्रसिद्ध गाव, पलीकडे द्रिना आणि द्रिनेपलीकडे सर्बिया. तिथून पोतोचारी काही मिनिटांवर.

पोतोचारीत रस्ता मधोमध जातो. एका बाजूला दफनभूमी, दुसऱ्या बाजूला बॅटरीचा जुना कारखाना. इथे येणारे बहुतेक लोक आधी दफनभूमीत जातात, आणि ते साहजिकच आहे. टेकडीच्या उतारावर पांढऱ्या संगमरवरी खांबांच्या रांगा वरपर्यंत चढत गेल्या आहेत. प्रत्येक खांबावर नाव, वडिलांचे नाव, दोन साले. पहिले साल, जन्माचे, वेगवेगळे असते. दुसरे सगळीकडे तेच: १९९५. एकाच आडनावाचे पाच-सहा खांब शेजारी शेजारी उभे दिसतात आणि वये बघून आजोबा, बाप, मुलगा हे नाते आपल्याला आपोआप जुळवता येते. मुस्लिम खांबांच्या गर्दीत एक ख्रिस्ती क्रूस आहे. तो इथल्याच एका कॅथॉलिक रहिवाशाचा, शेजाऱ्यांबरोबर मेलेला, शेजाऱ्यांबरोबर पुरलेला. पोतोचारीच्या तळावर त्या दिवसांत जन्मून लगेच मेलेल्या एका मुलीची कबरही इथेच आहे. प्रवेशाजवळ अर्धवर्तुळाकार दगडी भिंतीवर सगळी नावे कोरलेली आहेत, आणि एका शिळेवर आकडा: ८३७२. आकड्यापुढे टिंबे आहेत, कारण मोजणी पूर्ण झालेली नाही.

इथे मृतांना जागा मिळाली तीही भांडून. वाचलेल्या बायका १९९५ नंतर तुझला आणि साराएव्होच्या आसपास पांगल्या होत्या. पोतोचारी त्यांच्या माणसांना मारणाऱ्यांच्याच ताब्यातल्या प्रदेशात राहिले होते. आपली माणसे पुरायची कुठे, असा प्रश्न निघाला तेव्हा सुरक्षित, आपल्या लोकांतल्या जागा सुचवल्या गेल्या. बहुसंख्य बायकांनी पोतोचारीच मागितले. ऑक्टोबर २००० मध्ये, बोस्नियातल्या शांतता कराराच्या अंमलबजावणीवर देखरेख करणारे आंतरराष्ट्रीय उच्च प्रतिनिधी वोल्फगांग पेट्रिच यांनी तसा निर्णय दिला. ३१ मार्च २००३ ला पहिल्या सहाशे जणांचे दफन झाले आणि त्याच वर्षी २० सप्टेंबरला बिल क्लिंटन यांच्या हस्ते स्मारकाचे उद्घाटन झाले. पोतोचारीच का, हे रस्ता ओलांडल्यावर कळते.

बॅटरीचा हा कारखाना म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या डच बटालियनचा तळ होता. उंच छताचे, थंड, रिकामे दालन. जुलैच्या उन्हातून आत आले की अंगावर काटा येतो. यंत्रांचे चौथरे तसेच आहेत. सैनिकांच्या खोल्यांच्या भिंतींवर त्यांनी काढलेली चित्रे आणि लिहिलेल्या ओळी अजून आहेत. त्यांत कंटाळलेल्या तरुणांचे विनोद आहेत, आणि स्थानिक बायकांबद्दल इतके हिणकस लिखाण आहे की वाचून मान खाली जाते. स्मारकाने ते पुसलेले नाही. बरे केले.

या तळाची गोष्ट १९९३ पासून सुरू होते. त्या वसंतात स्रेब्रेनित्सा वेढ्यात होते, आसपासच्या जळालेल्या गावांमधून पळालेली माणसे रस्त्यांवर झोपत होती. १६ एप्रिल १९९३ ला सुरक्षा परिषदेने ८१९ क्रमांकाच्या ठरावाने या भागाला ‘सुरक्षित क्षेत्र’ जाहीर केले. संयुक्त राष्ट्रे असे पहिल्यांदाच करत होती. अशी क्षेत्रे नीट राखायची तर सुमारे ३४,००० जादा सैनिक लागतील, असा हिशेब संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी परिषदेपुढे ठेवला. परिषदेने ७,६०० मंजूर केले. मला या साऱ्या प्रकरणातला हा सगळ्यात बोलका आकडा वाटतो. पुढे दोन वर्षांनी काय होऊ शकेल, ते या वजाबाकीतच होते.

या शांतिसेनेचे पहिले सरसेनापती एक भारतीय होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाच्या लक्षात नाही. लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार, जन्म मुंबईचा, पलटण मराठा लाइट इन्फंट्री. मार्च १९९२ मध्ये त्यांनी सूत्रे घेतली तेव्हा काम शेजारच्या क्रोएशियातले होते आणि साराएव्हो हे मुख्यालयासाठी निवडलेले शांत शहर होते. काही आठवड्यांत त्याच शहराभोवती तोफा लागल्या आणि मुख्यालय हलवावे लागले. वर्षभराने, मार्च १९९३ मध्ये, ते मायदेशी परतले. सुरक्षित क्षेत्राचा ठराव त्यानंतर दीड महिन्याने आला. राखायला शांतता नसेल तिथे शांतिसेना पाठवून काय साधते, हा प्रश्न मात्र त्यांच्या काळातच समोर आलेला होता, आणि त्याला उत्तर न देताच पुढच्या तुकड्या पाठवल्या गेल्या.

१९९५ च्या जुलैत स्रेब्रेनित्साच्या क्षेत्रात चारशेहून कमी डच सैनिक होते. हत्यारे हलकी, इंधन संपत आलेले, कारण सर्ब सैन्य रसद अडवत होते. सहा जुलैला हल्ला सुरू झाला. तळावरून हवाई मदत पुन्हा पुन्हा मागितली गेली. अकरा तारखेला दुपारी दोन विमानांनी थोडे बाँब टाकले. सर्बांनी ओलीस धरलेल्या डच सैनिकांना मारण्याची धमकी दिली आणि तेही थांबले. गाव पडले, आणि संध्याकाळपर्यंत म्लाडिच कॅमेऱ्यांसह गावाच्या रस्त्यांवर फिरत होता. हजारो पुरुष रानातून, बोस्नियन सरकारच्या ताब्यातल्या तुझलाकडे, चालत निघाले. वीस-पंचवीस हजार माणसे, बहुतेक बायका, मुले आणि वृद्ध, पोतोचारीत या तळाच्या आश्रयाला आली. सुमारे पाच हजारांना आत घेतले गेले, बाकीची कुंपणाबाहेर राहिली. १२ तारखेला म्लाडिचने त्यांच्यात येऊन कॅमेऱ्यासमोर मुलांना चॉकलेटे वाटली, कुणालाही काही होणार नाही असे सांगितले, आणि मग बस येऊ लागल्या. बायका-मुले बसमध्ये, पुरुष बाजूला. तेरा तारखेला तळाच्या आतली माणसेही फाटकाबाहेर काढण्यात आली. त्यांत सुमारे साडेतीनशे पुरुष होते. बाहेर काय चालले आहे याची कुणकुण तोवर डच अधिकाऱ्यांना लागलेली होती.

हसन नुहानोविच इथे संयुक्त राष्ट्रांचे दुभाषे होते. त्यांना स्वतःला ओळखपत्रामुळे राहता आले. आईवडील आणि धाकट्या भावाला बाहेर जायला सांगणारे शब्द त्यांनाच भाषांतरित करावे लागले. तिघेही मारले गेले. नुहानोविच यांनी नेदरलँड्स सरकारवर दावा लावला आणि तो वर्षानुवर्षे चालवला. २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की आपल्या सैनिकांनी तळाबाहेर काढलेल्या माणसांच्या मृत्यूला राज्य जबाबदार आहे. शांतिसेनेत गेलेल्या सैनिकांचे उत्तरदायित्व न्यूयॉर्कवर ढकलून कुठल्याही देशाला मोकळे होता येत नाही, हे त्या निकालाने ठरले. नेदरलँड्सचे पंतप्रधान विम कोक यांचे मंत्रिमंडळ याच प्रकरणावरच्या संशोधन अहवालानंतर २००२ मध्ये पायउतार झाले होते. ११ जुलै २०२२ ला डच संरक्षणमंत्री काय्सा ओलोंग्रेन यांनी इथे उभे राहून मृतांच्या नातेवाइकांची क्षमा मागितली.

जगातली बहुतेक स्मारके मृतांची असतात. पोतोचारीत त्या बायकांनी मृतांसमोर तळ आणून ठेवला, म्हणजे खरे तर तळासमोर मृतांना नेले. एका बाजूला कोण मेले ते लिहिलेले आहे. दुसऱ्या बाजूला कोण थांबवू शकत होते, त्यांच्याकडे काय होते, त्यांनी कुणाला फोन केला, कुणी उचलला नाही, याची नोंद आहे. आठवण आणि प्रतिबंध यांची सांगड घालायची म्हणजे काय, असा प्रश्न पडणाऱ्याने हा रस्ता एकदा ओलांडावा. नुसती दफनभूमी पाहून माणूस हळहळतो. कारखाना पाहिल्यावर त्याला १९९३ आणि १९९५ मधल्या तारखा, ठराव, मागण्या आणि नकार एकापुढे एक दिसू लागतात, आणि यातल्या प्रत्येक जागी वेगळे काही करता आले असते हे कळते.

कायद्यालाही तेच कळायला वेळ लागला. वंशसंहाराला गुन्हा ठरवणारा आंतरराष्ट्रीय करार ९ डिसेंबर १९४८ चा. त्यात शिक्षेबरोबर प्रतिबंधाचेही बंधन घातलेले आहे, पण प्रतिबंध म्हणजे नेमके काय हे सांगणारा निकाल साठ वर्षे जवळ येईपर्यंत आला नाही. तो आला स्रेब्रेनित्सामुळे. २६ फेब्रुवारी २००७ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सांगितले, की सर्बिया राज्याने स्वतः वंशसंहार केल्याचे सिद्ध होत नाही, मात्र तो टाळण्याचे कर्तव्य त्याने मोडले. म्लाडिचच्या सैन्याला पैसा आणि साहित्य बेलग्रेडहून येत होते. बेलग्रेडचा शब्द तिथे चालत होता. तो शब्द टाकला गेला नाही. हत्या सुरू झाल्यावर हे कर्तव्य सुरू होते असे नव्हे. गंभीर धोका आहे हे ज्या क्षणी कळते, किंवा कळायला हवे होते, त्या क्षणी ते लागू होते. आणि ज्याचा प्रभाव जास्त, त्याचे कर्तव्य मोठे. निकाल अनेकांना अपुरा वाटला. स्रेब्रेनित्साच्या आया न्यायालयाबाहेर रडल्या. तरी या एका सूत्राचा उपयोग पुढे झाला. गाम्बियाने रोहिंग्यांच्या प्रश्नावर म्यानमारविरुद्ध खटला नेला तेव्हा २३ जानेवारी २०२० ला न्यायालयाने, प्रकरण संपायची वाट न पाहता, म्यानमारला प्रतिबंधाचे तात्पुरते आदेश दिले. ते एकमताने दिले गेले, आणि त्या न्यायपीठावर एकेकाळी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती असलेले दलवीर भंडारीही होते. भारताने हा १९४८ चा करार १९५९ मध्येच मान्य केला आहे. देशात त्यासाठी वेगळा कायदा मात्र आजवर झालेला नाही. १९८४ च्या शीखविरोधी हत्याकांडाच्या एका खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली ही उणीव स्पष्ट शब्दांत दाखवून दिली. ती आपण भरून काढायला हवी, असे पोतोचारीहून परतणाऱ्या कुणाही भारतीयाला वाटेल.

पोतोचारीहून दरी अरुंद होत जाते आणि तिच्या टोकाला स्रेब्रेनित्सा गाव लागते. डोंगरात रोमनांच्या काळापासून चांदी खणली गेली. गुबेर नावाच्या लोहयुक्त पाण्याच्या झऱ्यांवर लोक औषधासाठी येत. १९९१ मध्ये या नगरक्षेत्रात ३६,००० च्या वर लोक होते, त्यांतले तीन चतुर्थांश मुस्लिम. २०१३ च्या जनगणनेत एकूण सुमारे १३,००० उरले. मशिदीचा मिनार आणि वरच्या अंगाचे ऑर्थोडॉक्स चर्च एकाच नजरेत मावतात. काही घरांना नवे रंग, काहींच्या भिंतींमधून झाडे उगवलेली. चौकातल्या कॅफेत तांब्याच्या छोट्या भांड्यात कॉफी येते, सोबत बिनदांड्याची कपबशी. ही कॉफी एकट्याने प्यायची नसते. परत आलेल्या बायका सांगत, की नवरा गेला यापेक्षा सकाळची कॉफी कुणाबरोबर प्यायची हे रोज नव्याने टोचते. बोस्नियन कलावंत आइदा शेहोविच यांनी त्यावरून २००६ पासून एक फिरते स्मारक उभारले: लोकांकडून अशा कपांचे दान घ्यायचे, अकरा जुलैला एखाद्या शहराच्या चौकात ते मांडायचे, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ते कॉफीने भरायचे आणि कुणी प्यायचे नाही. न्यूयॉर्क, इस्तंबूल, जिनिव्हा असे करत २०२० मध्ये, पंचविसाव्या वर्षी, ते पोतोचारीत आले तेव्हा कपांची संख्या नावांच्या संख्येला पोहोचली होती.

हातिजा मेहमेदोविच या गावात परतणाऱ्या पहिल्या बायकांपैकी. नवरा आणि दोन्ही मुलगे मारले गेलेले. जुन्या घरात त्या एकट्याने राहिल्या, संघटना चालवली, स्मारकावर येणाऱ्या शाळकरी मुलांशी बोलल्या, आणि २०१८ मध्ये वारल्या. ज्यांनी मारले त्यांच्यातले काही रस्त्यात दिसतात, हे त्या जाहीरपणे सांगत. अशा बायकांसाठी नकार हा वर्तमानपत्रातला वाद नव्हता, तो शेजारी होता.

नकाराचा इतिहास सरळ नाही. २००४ मध्ये रिपब्लिका स्र्प्स्काच्या स्वतःच्या आयोगाने हत्याकांड मान्य केले आणि तिथले अध्यक्ष द्रागान चाविच यांनी दूरचित्रवाणीवर ती कबुली दिली. २०१८ मध्ये तिथल्या विधानसभेने तोच अहवाल रद्द ठरवला. त्याआधी, १ जून २००५ ला, सर्बियाचा माजी अध्यक्ष स्लोबोदान मिलोशेविचच्या हेगमधल्या खटल्यात एक चित्रफीत दाखवली गेली: ‘विंचू’ नावाच्या सर्ब तुकडीचे लोक हात बांधलेल्या सहा तरुणांना ट्रकमधून उतरवून गोळ्या घालतात. ती मिळवली होती नताशा कांडिच या सर्ब बाईंनी, बेलग्रेडमध्ये राहून, धमक्या सोसून. लगेचच सर्बियातल्या घराघरांत ती दिसली आणि काही दिवसांत अटका झाल्या. कांडिच यांचे काम मला या साऱ्या कथेतले फार मोठे काम वाटते. ज्या समाजाच्या नावाने गुन्हा झाला, त्याच समाजातून कुणी पुरावा पुढे आणते तेव्हा तो फेटाळणे कठीण होते. तरी म्लाडिचची भिंतचित्रे आजही दिसतात, त्याला जन्मठेप झाली आणि २०२१ मध्ये अपिलातही ती कायम झाली असूनही. त्याच वर्षी जुलैत उच्च प्रतिनिधी व्हालेंटिन इंझ्को यांनी वंशसंहार नाकारणे आणि गुन्हेगारांचा गौरव करणे हा बोस्नियात दंडनीय गुन्हा ठरवला. २३ मे २०२४ ला, जर्मनी आणि रवांडाच्या पुढाकाराने, संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने अकरा जुलै हा जागतिक स्मरणदिन केला. बाजूने ८४ मते, विरोधात १९, तटस्थ ६८. आणि त्याच वर्षी, तुरुंगातून लवकर सुटका मागताना, क्रस्टिचने लेखी कबूल केले की आपण वंशसंहाराला साहाय्य केले.

परतीचा रस्ता मी तुझलावरून घेतला, कारण नाकारणाऱ्यांना खरे उत्तर तिथे दिले गेले आहे.

१९९५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मारेकऱ्यांनी मोठमोठ्या खड्ड्यांतली प्रेते यंत्रांनी उकरली आणि ट्रकांनी दूरदूरच्या दऱ्यांत नेऊन पुन्हा पुरली. ‘अभियांत्रिकी कामासाठी’ पाच टन डिझेल देण्याचा लष्करी आदेश न्यायालयात पुरावा म्हणून आला. यंत्राच्या फाळांनी देह तुटले. एकाच माणसाची हाडे अनेक किलोमीटर अंतरावरच्या वेगवेगळ्या खड्ड्यांत सापडली, कुणाची तर पाच ठिकाणी. तपास करणाऱ्यांनी मग माती वाचली. कोझलुकच्या खड्ड्याजवळ बाटल्या भरण्याचा कारखाना होता, तिथल्या हिरव्या काचांचे तुकडे कित्येक किलोमीटरवरच्या चान्चारीच्या खड्ड्यात मिळाले, आणि दोन जागा जोडल्या गेल्या. डोळ्यांवर बांधलेल्या फडक्यांचे कापड, मनगटाला गुंडाळलेली तार, बंदुकीच्या पुंगळ्या यांवरून असेच दुवे लागले. हाताच्या हालचालीने चावी बसणारी मनगटी घड्याळे होती. हात थांबल्यावर दीड-दोन दिवसांनी ती थांबली, आणि त्यांवरचा वार-तारीख पाहून मृत्यूचा दिवस काढता आला.

नावे मात्र मातीतून निघत नव्हती. कपडे आणि दात पाहून फारच थोड्यांची ओळख पटत होती. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या बेपत्ता व्यक्तींसाठीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने मग उलटा मार्ग धरला: हाडांतला डीएनए आणि जिवंत नातेवाइकांच्या रक्तातला डीएनए मोठ्या प्रमाणावर ताडून बघायचा. नोव्हेंबर २००१ मध्ये पहिली ओळख पटली, ती पंधरा वर्षांच्या मुलाची. वीस हजारांहून अधिक नातेवाइकांनी रक्त दिले आणि सुमारे सात हजार माणसांना आपापली नावे परत मिळाली. २००४ च्या त्सुनामीनंतर थायलंडमधल्या मृतांची ओळख पटवायलाही याच यंत्रणेची मदत झाली. पाच ठिकाणची हाडे प्रयोगशाळेत एका नावाखाली जुळतात, तेव्हा हत्येबरोबर हत्या लपवण्याचा बेतही उघडा पडतो. आकडा फुगवला आहे असे म्हणणाऱ्यापुढे इथे प्रत्येक आकड्याला आई, बाप किंवा भाऊ आहे.

ही यंत्रणा आपोआप उभी राहिली नाही. तुझलाच्या चौकात स्रेब्रेनित्साच्या बायका दर महिन्याच्या अकरा तारखेला जमत. उशांचे अभ्रे एकाला एक शिवलेले, प्रत्येकावर एक नाव विणलेले, आणि ती लांबच लांब माळ हातांत धरून त्या शहरातून चालत. सरकारे बदलली, परदेशी पाहुणे येऊन गेले, चालणे थांबले नाही. त्यांच्या संघटनेच्या कार्यालयात भिंती दिसत नाहीत. छतापर्यंत छायाचित्रे लावलेली आहेत, लग्नातली, सैन्यातली, शाळेच्या ओळखपत्रावरची.

अजून सुमारे हजार माणसे सापडलेली नाहीत. शोधायचे तंत्र आहे, ताडून पाहायला रक्ताच्या नोंदी आहेत. ज्या आयांनी रक्त दिले त्यांतल्या कित्येक आता नाहीत, पण त्यांच्या नोंदी संग्रहात आहेत आणि हाड मिळाले तर ते त्यांच्या नावाशी आजही जुळेल. हवी आहे ती माहिती: १९९५ च्या त्या शरद ऋतूत कोणत्या वळणावर ट्रक थांबले, कोणत्या ओढ्याच्या काठी यंत्र चालले. ती यंत्रे चालवणारे, डिझेलच्या पावत्या लिहिणारे, रात्री घराच्या खिडकीतून दिवे पाहिलेले लोक अजून हयात आहेत. त्यांतल्या काहींनी आजवर गुप्तपणे जागा सांगितल्या आणि खड्डे सापडले. बाकीच्यांनी सांगावे, म्हणून बेपत्ता लोकांचा शोध घेणारी बोस्नियातली सरकारी संस्था आजही नाव गुप्त ठेवण्याची हमी देत आवाहन करते.